मोठेपणी एडीएचडीचं निदान झालंय? औषधाचा डोस कसा बसवायचा

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासाचं, निदान होतं, डॉक्टर पहिली चिठ्ठी लिहून देतात, आणि आपल्याला वाटतं की झालं, आता गोळी घेतली की गाडी रुळावर. प्रत्यक्षात तिथून पुढचे दोन-तीन महिने सगळ्यात गोंधळाचे असतात. थायरॉइडच्या गोळीचा डोस रक्ततपासणी करून ठरवता येतो, तसं इथे नाही. कुठल्याही रिपोर्टवर तुमचा आकडा येत नाही. मोठ्या माणसांत मिथिलफेनिडेटचा, म्हणजे एडीएचडीच्या नेहमीच्या गोळीचा, डोस वजनावरूनही ठरत नाही. पंचावन्न किलोच्या बाईला जास्त लागू शकतो आणि नव्वद किलोच्या पुरुषाचं कमी डोसमध्ये भागू शकतं. म्हणून डॉक्टर अगदी कमी डोसपासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने वाढवत नेतात. यालाच टायट्रेशन म्हणतात.

मी पुण्यात राहते, तिशी उलटल्यावर माझं निदान झालं आणि या सगळ्यातून मी गेले आहे. मी डॉक्टर नाही. खाली दिलेले आकडे डॉक्टर काय बोलतायत ते कळावं म्हणून आहेत, त्यावरून स्वतःचा डोस ठरवायला नाहीत. डोस वाढवणं, कमी करणं, बंद करणं हे तिन्ही निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचे. आपलं काम एकच, आणि ते दुसरं कुणी करू शकत नाही: त्या निर्णयासाठी लागणारी नेमकी माहिती गोळा करून त्यांच्यापुढे ठेवणं.

1. आपल्याकडे कोणती औषधं मिळतात ते आधी समजून घ्या

इंटरनेटवर एडीएचडीबद्दल वाचायला गेलात की अर्धा मजकूर अमेरिकेतला निघतो आणि त्यात अ‍ॅडरॉल, व्हायव्हॅन्स ही नावं येतात. ही अ‍ॅम्फेटामाइन गटातली औषधं. आपल्याकडचे डॉक्टर ती लिहून देत नाहीत. त्यांच्या डोसचे आकडे, 'संत्र्याचा रस घेऊ नका' यांसारख्या सूचना, कुणाला किती लागतं याच्या चर्चा, यातलं काहीही तुमच्या गोळीला तसंच्या तसं लावू नका.

भारतात मुख्यतः दोन औषधांशी गाठ पडते.

पहिलं मिथिलफेनिडेट. इन्स्पायरल, अ‍ॅडवाइज या नावांनी मिळतं. हे उत्तेजक गटातलं औषध, आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो. साधी गोळी साधारण तीन ते चार तास टिकते, म्हणून दिवसातून दोनदा किंवा तीनदा घ्यावी लागते. लाँग अ‍ॅक्टिंग गोळी बनावटीनुसार आठ ते बारा तास चालते. मोठ्यांसाठी सुरुवात बहुधा साध्या गोळीच्या 5 मिग्रॅने, दिवसातून दोन-तीनदा, किंवा लाँग अ‍ॅक्टिंगच्या 18 मिग्रॅने होते आणि साधारण आठवड्याच्या अंतराने पुढची पायरी येते. लाँग अ‍ॅक्टिंग 18 ची गोळी म्हणजे साध्या 5 च्या तीन गोळ्या असा ढोबळ हिशोब धरतात. त्यामुळे 'माझा 18 आणि तिचा 10, म्हणजे माझा जास्त' ही तुलनाच चुकीची.

दुसरं अ‍ॅटोमॉक्सेटिन. अ‍ॅक्सेप्टा, अ‍ॅटेनट्रॉल या नावांनी मिळतं. हे उत्तेजक नाही. मोठ्यांना बहुतेक वेळा 40 मिग्रॅने सुरू करून 80 पर्यंत नेतात, गरज वाटली तर 100 पर्यंत. याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, तोंडाला कोरड, झोपेची गडबड हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे आधी त्रास आणि मग फायदा. हे कुणी सांगितलेलं नसलं की माणूस दहाव्या दिवशी 'मला चालत नाही' म्हणून डबी बाजूला टाकतो. तुमच्या चिठ्ठीवर हे औषध असेल, तर त्याला किती आठवडे द्यायचे ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा.

कोणतं औषध निवडायचं हे तुमचं हृदय, बीपी, चिंतेचा त्रास, आधीचं व्यसन, कामाच्या वेळा अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. दोन्हींत 'भारी' आणि 'हलकं' असं काही नसतं.

2. पहिल्या भेटीला जाताना काय न्यायचं

कागदपत्रं:

- निदानाचा रिपोर्ट, किंवा निदान जिथे झालं तिथले केसपेपर
- शाळेची प्रगतिपुस्तकं सापडली तर ती. 'हुशार आहे पण लक्ष नसते', 'वर्गात बडबड करतो' हे शेरे उपयोगी पडतात, कारण बाराव्या वर्षाआधी लक्षणं होती का हे डॉक्टर तपासतात
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, त्यात काढे, चूर्ण, जिमची पावडर, गर्भनिरोधक गोळ्या सगळं आलं
- अलीकडच्या रक्ततपासण्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 यांतल्या गडबडीमुळेही डोकं जड राहतं आणि लक्ष लागत नाही
- ओळखपत्र, कारण मिथिलफेनिडेटच्या चिठ्ठीवर तुमचं नाव-पत्ता लागतो

घरात ठेवायच्या वस्तू: दंडाला बांधायचं बीपीचं मशीन, वजनकाटा, एक वही, आणि गोळीच्या वेळेसाठी मोबाइलचा गजर. मशीन घ्यायला जमत नसेल तर फॅमिली डॉक्टरांकडे आठवड्यातून एकदा बीपी आणि नाडी बघून घ्या.

घरच्यांना विचारून एक गोष्ट मात्र नक्की काढा: जवळच्या नात्यात कुणी कमी वयात अचानक हृदयविकाराने गेलं आहे का? आपल्याकडे 'ते तसेच गेले' म्हणून विषय संपतो, पण डॉक्टरांना हे कळणं फार गरजेचं आहे. तुम्हाला स्वतःला कधी चक्कर येऊन बेशुद्ध पडल्याचा प्रसंग, काचबिंदू, फिट येणं, दम्याचा पंप, किंवा झोपेची गरज न वाटता कित्येक दिवस प्रचंड उत्साहात गेल्याचा काळ असेल तर तोही सांगा. त्या शेवटच्या प्रश्नावरून डॉक्टर बायपोलरची, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या आजाराची, शक्यता तपासतात. ती असेल तर औषधाचा क्रमच वेगळा लागतो. दारू आणि इतर नशेबद्दल खरं सांगा. लाज वाटून झाकलेली माहिती इथे थेट धोक्याची ठरते.

3. चिठ्ठी मिळण्याआधीच मेडिकल शोधून ठेवा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि मग चिठ्ठी हातात घेऊन शहरभर फिरतात.

मिथिलफेनिडेट भारतात शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत, येतं आणि 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखालीही त्यावर नियंत्रण आहे. शेड्यूल एक्सची औषधं ठेवायला दुकानदाराकडे वेगळा परवाना लागतो, ती कुलपात ठेवावी लागतात, आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यातली एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, ती त्याला दोन वर्षं जपावी लागते. त्यामुळे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला 'हे नाही मिळत' म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यावर संशय घेतोय असं नसतं, त्याच्याकडे परवानाच नसतो. औषधं घरपोच देणाऱ्या अ‍ॅपचाही इथे भरवसा धरू नका.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच विचारणं: 'तुमचे पेशंट ही गोळी कुठून घेतात?' मोठ्या रुग्णालयातल्या किंवा मानसोपचार विभागाजवळच्या दुकानांत ती मिळण्याची शक्यता जास्त असते. दुकान सापडलं की नंबर घ्या आणि निघण्याआधी फोन करा. 'अमुक गोळी, अमुक मिग्रॅ, तीस नग आहेत का?' असं नेमकं विचारा. दहाची आहे पण पाचची नाही, असं सर्रास होतं.

दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी चिठ्ठी तपासा. डॉक्टरांची सही, तारीख, तुमचं नाव आणि पत्ता, डोस, एकूण गोळ्यांची संख्या आणि दुसरी प्रत. यातलं एक जरी राहिलं तरी काउंटरवरून परत यावं लागतं. बहुतेक डॉक्टर एका वेळी महिन्याभराच्याच गोळ्या देतात, म्हणून पुढची भेट गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीची घ्या.

गावाकडच्या आणि छोट्या शहरांतल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्समधली औषधं व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाहीत. म्हणजे मिथिलफेनिडेटसाठी प्रत्यक्ष जावं लागणार. अ‍ॅटोमॉक्सेटिन शेड्यूल एक्समध्ये नाही, त्यामुळे त्याच्या पुढच्या भेटी फोनवर होऊ शकतात. तुम्हाला प्रत्येक भेटीला एसटीने पाच तास जावं लागणार असेल, तर औषध निवडतानाच हे डॉक्टरांच्या कानावर घाला. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, म्हणजे पुण्याचं ससून, मुंबईतलं केईएम यांसारख्या ठिकाणी, मानसोपचार विभागाची ओपीडी असते, तोही पर्याय आहे.

4. गोळी सुरू करण्याआधीचा आठवडा लिहून काढा

पहिली गोळी घेण्याआधी सात दिवस काहीही न बदलता नोंद करा. झोपलात कधी, उठलात कधी, चहा किती कप, काम सुरू करायला बसल्यापासून खरंच सुरू व्हायला किती वेळ गेला, बीपी, नाडी, वजन. हा आठवडा नसला की महिन्याभराने 'फरक पडला का?' या प्रश्नाला 'हो, थोडासा, बहुतेक' यापलीकडे उत्तर देता येत नाही. काहींना पूर्वीपासूनच रात्री एकपर्यंत झोप लागत नसते आणि खापर गोळीवर फुटतं. आधीची नोंद असली की तो वाद मिटतो.

याच आठवड्यात तीन कामं निवडा, तुमच्या रोजच्या आयुष्यातली, जी एडीएचडीमुळे नेहमी अडतात. मोठी ध्येयं नकोत. माझी तीन अशी होती: सकाळी लॅपटॉप उघडल्यावर पहिलं काम किती वाजता सुरू झालं, समोरचा माणूस बोलत असताना मध्येच तोडलं का, आणि संध्याकाळी जेवणानंतरचा ओटा त्याच रात्री आवरला का. तुमची वेगळी असतील. एखाद्या शिक्षकाचं पेपर तपासणं असेल, दुकानदाराचं जीएसटीचं काम असेल. पुढे प्रत्येक डोसवर हीच तीन बघायची. 'आज फोकस वाटला का' यापेक्षा 'काम किती वाजता सुरू झालं' हे शंभर पटीने विश्वासाचं, कारण उत्साह वाटणं आणि काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

5. पहिली गोळी

पहिला दिवस सुट्टीचा किंवा घरून कामाचा निवडा. परीक्षा, मोठी मीटिंग किंवा लांबचं ड्रायव्हिंग असलेला दिवस नको. आधी पोटभर खा. मिथिलफेनिडेटने भूक मरते, मग दुपारी ताट समोर आलं तरी घास जात नाही, म्हणून सकाळचा नाश्ता भरभक्कम हवा. अंडं, थालीपीठ-दही, उसळ-पोळी असं काहीतरी टिकणारं. नुसत्या चहा-बिस्किटावर गोळी घेतली की अकरा वाजता हात थरथरतात.

लाँग अ‍ॅक्टिंग गोळी चावायची नाही, कुटायची नाही, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय अर्धी करायची नाही. दिवसभर पुरवून सोडायचं औषध त्यामुळे एकदम अंगात जातं. अ‍ॅटोमॉक्सेटिनची कॅप्सूलही उघडायची नाही, आतली पूड डोळ्यांना झोंबते.

चहा-कॉफी त्या दिवशी निम्म्यावर आणा. कॅफीन आणि मिथिलफेनिडेट दोन्ही नाडी वाढवतात. धडधड झाली तर ती कशाची हे कळायला हवं.

पहिल्या दिवशी काहींना डोक्यातला गलका अचानक थांबल्यासारखा वाटतो आणि रडू येतं. काहींना काहीच जाणवत नाही. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष काढू नका. पहिल्या दिवसाचा तो लख्खपणा पुढे सहसा ओसरतो. त्याच्यामागे धावत डोस वाढवत गेलं की माणूस गरजेपेक्षा वर जातो. आणि सुरुवातीचा डोस मुळात शरीराला सोसतं का हे बघायला असतो, त्यावर फरक जाणवला नाही तर औषध निरुपयोगी ठरत नाही.

गोळीचा अंमल सुरू होण्याआधी पहिलं काम समोर काढून ठेवा. वही उघडून, फाइल उघडून, फोन दुसऱ्या खोलीत. गोळी लागू पडते तेव्हा तुम्ही ज्यात असाल त्यातच लक्ष रुतून बसतं. हातात रील्स असतील तर दोन तास एकाग्रतेने रील्सच बघितले जातात.

6. वही: रोज दोन मिनिटं, पण रोज

एडीएचडी असलेल्या माणसाला रोजची नोंद ठेव म्हणणं अवघड आहे, मला माहीत आहे. म्हणून ती छोटी ठेवा आणि गोळीच्या डबीला रबराने बांधून ठेवा. एक ओळ पुरते. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे:

*मंगळवार. झोप 6 तास. 8.10 दोन पोळ्या-उसळ, 8.30 गोळी (10). 9.15 पासून लागू. पहिलं काम 9.20. साडेबारानंतर चिडचिड, भाजीवाल्याशी तुटक बोलले. 1.00 दुसरी गोळी. 4.30 ला संपली. ओटा आवरला. बीपी 118/78, नाडी 84. पाळीचा 24 वा दिवस.*

यात डॉक्टरांना हवं ते सगळं आहे: किती घेतली, कधी लागू झाली, कधी उतरली, काम झालं का, शरीराने काय म्हटलं. बीपी घेताना पाच मिनिटं शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा नको, आणि रोज साधारण एकाच वेळी मोजा.

बायकांनी पाळीचा दिवस जरूर लिहावा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळी नीट काम करत नाही असा अनेकींचा अनुभव आहे. नेमक्या त्याच आठवड्यात डोस तपासला गेला तर तो कमी वाटतो आणि उगाच वाढतो. निदान एक पूर्ण चक्र नोंदीत आलं की चित्र स्पष्ट होतं. मूल होण्याचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील तर हे डॉक्टरांना तातडीने सांगायचं.

घरातल्या एका माणसाला साक्षीदार करा. नवरा, बायको, आई, रूममेट, कुणीही. आठवड्यातून एकदा त्यांना विचारा, 'मी कशी वाटले?' आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. मला एका डोसवर कामं पटापट होत होती, वहीत सगळं छान दिसत होतं. रविवारी नवरा म्हणाला, 'चार दिवस झाले, तू जेवताना एकदाही हसली नाहीस.' ती ओळ डॉक्टरांनी दोनदा वाचली आणि डोस एक पायरी खाली आणला. खालच्या डोसवर कामंही होत राहिली आणि हसूही परत आलं. माझ्या मते योग्य डोसची हीच खूण: कामं होतात आणि तरीही तुम्ही तुम्हीच राहता. असा जो सगळ्यात कमी डोस, तो तुमचा.

7. डोस कमी आहे, जास्त आहे, की वेळ चुकतेय?

'गोळी चालत नाही' या एका वाक्यात तीन-चार वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि त्यांची उत्तरं उलटसुलट असतात.

गोळी घेतल्यावर अंमल असण्याच्या तासांतही काहीच बदल नाही, त्रासही नाही, काम तसंच अडतंय. हा बहुधा कमी डोस.

अंमल असतानाच छातीत धडधड, दात आवळले जाणं, उगाच भीती, एकाच गोष्टीत नको इतकं रुतणं, किंवा सगळं सपाट वाटणं, ना राग ना आनंद. हा बहुधा जास्त डोस. इथेच लोक फसतात. जास्त डोसनेही लक्ष उडतं, आणि लक्ष उडालं म्हणून अजून वाढवून मागितलं जातं.

सकाळ उत्तम जाते, पण ठरावीक वेळेला अर्धा-एक तास चिडचिड, थकवा, रडू येतं. हा गोळी उतरतानाचा धक्का असतो. त्याला रिबाउंड म्हणतात. इथे डोसपेक्षा वेळापत्रक बदलून फरक पडतो: दुसरी गोळी थोडी आधी, किंवा लाँग अ‍ॅक्टिंगवर जाणं. त्या वेळेला काहीतरी खाऊन बघा, बऱ्याचदा निम्मी चिडचिड दुपारचं जेवण राहिल्याची असते.

झोप येत नाही. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते आधी बघा. संध्याकाळी घेतलेली साधी गोळीसुद्धा झोप पळवू शकते.

लक्ष लागतं, पण मन उदास आहे किंवा चिंता कमी होत नाही. तो भाग वेगळा असू शकतो आणि त्यावर वेगळे उपचार लागतात. एडीएचडीसोबत नैराश्य आणि चिंता बऱ्याच जणांना असते. डोस वाढवत नेऊन ती जाणार नाही.

कोणताही बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. डोस वाढवला त्याच आठवड्यात जिम सुरू केली, कॉफी सोडली आणि नवीन नोकरी धरली, तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

काही गोष्टींसाठी पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, धाप लागणं, नसलेले आवाज ऐकू येणं, पुरुषांमध्ये चार तासांपेक्षा जास्त टिकणारी वेदनादायक ताठरता: लगेच रुग्णालयात जा, 108 ला फोन करा. शांत बसलेलं असताना नाडी 120 च्या वर टिकून राहिली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अ‍ॅटोमॉक्सेटिनवर डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तरीही. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर घरच्या माणसाला आत्ता सांगा, डॉक्टरांना फोन करा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही.

8. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत काय बोलायचं

ओपीडीत वेळ कमी असतो आणि आत गेल्यावर आपण नेमकं महत्त्वाचं विसरतो. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहून न्या: कोणता डोस, किती दिवस, तीन कामांचं काय झालं, सगळ्यात त्रासदायक गोष्ट कोणती. ते पान त्यांच्या हातात द्या.

'डॉक्टर, बरं आहे' एवढंच म्हणून उठू नका. आणि घाबरून 'मला डोस वाढवून द्या' असंही सुरुवातीलाच म्हणू नका. 'साडेबारा ते एक मला फार त्रास होतो, यावर काय करता येईल?' असं विचारलंत की ते डोस, वेळ, गोळीचा प्रकार असा सगळीकडून विचार करू शकतात. प्रत्येक डोस बदलल्यावर बीपी आणि नाडी तपासली जायला हवी. राहिली तर स्वतःहून आठवण करा.

तुमचं ऐकूनच न घेता 'मोठ्यांना एडीएचडी नसतोच' म्हणणारे डॉक्टरही भेटतात. तसं झालं तर भांडण्यात शक्ती घालवू नका, दुसरं मत घ्या. तुमच्या केसपेपरची प्रत मागण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला दिलेला आहे.

9. नेहमीचे खड्डे

सर्दीच्या गोळ्या. मेडिकलमधून सहज घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रीन असतं, ते बीपी वाढवतं. गोळी घेण्याआधी 'मी अमुक औषधावर आहे' हे सांगा.

उपवास. संकष्टी, एकादशी, नवरात्र, रमजानचे रोजे. रिकाम्या पोटी दिवसभर गोळी आणि वर चहा यात चक्कर, डोकेदुखी, धडधड हमखास. उपवास करायचाच असेल तर त्या दिवसांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.

ब्रँड बदलणं. दुकानदार 'तेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून दुसरी लाँग अ‍ॅक्टिंग गोळी देऊ करतो. मिग्रॅ तेवढेच असले तरी औषध सुटण्याचा वेग वेगळा असू शकतो. डोस बसत असताना ब्रँड शक्यतो एकच ठेवा. नाइलाजाने बदलला तर वहीत तारीख टाका.

नैराश्याची गोळी सोबत असणं. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असेल तर अ‍ॅटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं, म्हणून डोस आणखी सावकाश वाढवतात. दोन औषधं दोन वेगळे डॉक्टर देत असतील तर दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

राहिलेली गोळी भरून काढणं. सकाळची विसरलात तर दुपारी दोन घेऊ नका. उशीर झाला असेल तर तो दिवस सोडून द्या.

गोळी वाटून घेणं. ऑफिसमधला मित्र डेडलाइनसाठी 'एक दे ना' म्हणेल. देऊ नका. त्याच्या हृदयाचं तुम्हाला काही माहीत नाही, आणि कायद्यानेही हा गुन्हा आहे.

दारू. डोस बसत असताना तरी पूर्ण टाळा.

10. डोस बसला, आता पुढे

सलग तीन-चार आठवडे तीन कामं नीट होतायत, झोप-भूक ठीक आहे, बीपी-नाडी जागेवर आहे आणि घरच्यांची तक्रार नाही, म्हणजे डोस बसला. मग रोजची वही बंद केलीत तरी चालेल. बीपी, नाडी आणि वजन मात्र दर सहा महिन्यांनी बघायचं, आणि वर्षातून एकदा डॉक्टरांशी बसून विचार करायचा की औषध अजून हवं आहे का, याच डोसमध्ये हवं आहे का. सुट्टीच्या दिवशी गोळी सोडली तर चालेल का, हेही तेव्हाच विचारा. मिथिलफेनिडेटबाबत काहींना डॉक्टर तशी मोकळीक देतात, अ‍ॅटोमॉक्सेटिन मात्र रोज घ्यावं लागतं.

बाळंतपण, नोकरीतली पाळी बदलणं, रजोनिवृत्ती, वजनात मोठा फरक, बीपीचं नवीन निदान, यांपैकी काही झालं तर डोस पुन्हा तपासावा लागू शकतो. बसलेला डोस अचानक अपुरा वाटू लागला तर आधी झोप, जेवण आणि ताण बघा, मग गोळीकडे या.

ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगा. त्या दिवशी ती थांबवायची का, ते त्यांना ठरवू द्या.

परदेशी जाताना गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठी आणि डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्या बॅगेत ठेवा. जिथे जायचंय त्या देशाचा नियम तिकीट काढण्याआधी बघा. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी आधी परवानगी काढावी लागते, आणि आखातात नातेवाइकांकडे चाललेल्या आपल्या लोकांना हे विमानतळावर पोहोचेपर्यंत माहीत नसतं. इंग्लंड किंवा अमेरिकेत राहायला जात असाल तर निदानाचा रिपोर्ट, डोसचा इतिहास आणि शेवटची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून, डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन न्या. तिथे नवीन डॉक्टर मिळायला बराच काळ लागू शकतो, म्हणून निघण्याआधीच्या शेवटच्या भेटीत मधल्या दिवसांत गोळ्यांचं काय करायचं हेही ठरवून घ्या.